घरभर कुपथ्य

"सुजातेनं भगवंताच्या खिरीत नारळ खवला होता काय?" असं विचारून शांताबाईंनी दुधाच्या गंजावर झाकण आपटलं.

प्रश्न सुनेसाठी होता, म्हणून त्यांनी तो लेकीकडे बघून विचारला. लेक, म्हणजे परवाच नागपूरहून आलेली कुसुम, काजूचे तुकडे करत होती. सून, म्हणजे रीना, खाली बसून नारळ खवत होती आणि तिला ऐकूच गेलं नसावं, इतक्या जोरात खवत होती.

बुद्धपौर्णिमेची सकाळ होती. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या त्या घरासमोर दर वर्षी टेबल मांडून खीर वाटली जायची आणि दर वर्षी शेगडीवर एकच मोठा गंज चढायचा. यंदा त्याच्या शेजारी एक छोटं पातेलं होतं. मोठ्यात दूध आणि सगळी गल्ली. छोट्यात नारळाचं दूध आणि एकटा सुमेध.

"आई, डॉक्टरनं सांगितलं आहे नं," रीना शेवटी म्हणाली. "गहू नाही, दूध नाही. एक थेंब नाही."

"मी कुठं नाही म्हणून राहिली? मी फक्त सुजातेचं विचारून राहिली."

सुमेध सात वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे हे समजल्यापासून नातेवाइकांनी इतके उपाय सुचवले होते, की ते सगळे करायचे तर मुलाला म्हातारपणापर्यंत सवड मिळाली नसती. रीनानं सगळे ऐकले आणि एकच धरला, तो पथ्याचा. समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलंही होतं, की याचा पक्का पुरावा नाही, कुणाला फरक वाटतो, कुणाला नाही. करून बघायचंच असेल तर तीन महिने नेटानं करा, वजनावर लक्ष ठेवा, मधे काही मोडू नका. रीना विज्ञानाची शिक्षिका होती. 'नेटानं' म्हटल्यावर तिच्या अंगात यायचं.

आणि अवघड काहीच नव्हतं. छत्तीसगडला सगळा देश धानाचा कटोरा म्हणतो. त्या कटोऱ्यात बसून हे घर तीन पिढ्या गव्हाच्या पोळ्या खात होतं, एवढंच. रीनानं शेजारणीकडून तांदळाच्या पिठाचा चीला, म्हणजे धिरडं, शिकून घेतला, वाफवलेला फरा शिकून घेतला. पोट्टा आवडीनं खायला लागला. झोपायला लागला. गेल्या महिन्यात स्वतःहून 'पाणी' म्हणाला. मग 'बदक' म्हणाला. बदक कुठून आलं ते रीनाला समजलं नाही, पण आनंदात तिनं चौकशी केली नाही.

"दीदी, मी ठरवलं," ती आता कुसुमला म्हणाली. "एवढ्यात एवढा फरक पडला, तर सालभर करायचं. अजून कडक. साखर पण बंद. पण मंग शाळा नाही जमत. अभनपूरला जायचं, यायचं, मंग याचं वेगळं दळण, वेगळा तवा... शाळा उघडली की मी राजीनामा देऊन टाकते."

कुसुमची सुरी थांबली. "अगं, शिक्षाकर्मी म्हणून कंत्राटावर इतकी वर्षं घासली. आता पक्की व्हायची वेळ आली नं तुझी?"

"हव. पण पोट्टा पहिले."

शांताबाई गंजात पळी फिरवत होत्या. त्या फिरवतच राहिल्या, पण खीर तळाला लागत असल्याचा वास त्यांना आला नाही. त्यांना वेगळंच काही लागत होतं. रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की त्या सुमेधला पिठाच्या डब्यामागे ठेवलेला एक टोस्ट देत होत्या. गव्हाचा. दुधाच्या चहात बुडवून. पथ्य सुरू झालं त्या आठवड्यापासून, एकही दिवस न चुकता. लेकरू रोज चहाच्या वेळी टोस्ट मागायचं. एका टोस्टानं काय होते, असं त्यांचं शास्त्र होतं. आणि फरक पडलेला बघून त्यांनी मनाशी निष्कर्षही काढला होता, की पथ्य इतकं गुणकारी आहे, की टोस्ट खाऊनसुद्धा लागू पडते.

"आई, करपून राहिली," कुसुम म्हणाली.

"करपू दे," शांताबाई म्हणाल्या आणि मग दचकून पळी जोरात फिरवू लागल्या.

दहाच्या सुमाराला भिलाईहून बाबाराव आले. शांताबाईंच्या नवऱ्याचे, धर्मपालजींचे, धाकटे भाऊ, पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त. गोंदियाच्या प्लॉटचं प्रकरण झाल्यापासून शांताबाई त्यांच्याशी वर्षातून एकदाच, खिरीच्या दिवशी बोलायच्या, आणि त्यामुळे त्या दिवशी बरंच बोलून घ्यायच्या.

"जय भीम, वहिनी. हे दोन-दोन भांडे काहून?"

"तुमीच सांगा भावजी. भगवंतानं कोणती खीर खाल्ली होती? दुधाची का नारळाची?"

बाबाराव भिलाईत विहाराच्या समितीवर होते. असा प्रश्न त्यांना कुणी बऱ्याच दिवसांत विचारला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली. "असं पाहा. सिद्धार्थानं सहा वर्षं काय केलं? पथ्यच केलं. एक तीळ, एक तांदूळ. हाडं दिसाले लागली. उपयोग झाला काय? नाही झाला. तवा सुजातेची खीर खाल्ली आणि मंग बोध झाला. मध्यम मार्ग."

"ऐकलं काय गं?" शांताबाई कुसुमकडे बघून म्हणाल्या. प्लॉट त्या क्षणी माफ झाला होता.

रीना नारळाचा चोथा पिळत होती. चिडली की ती हिंदीत जायची. "काकाजी, उन्होंने छह साल पूरा करके देखा, फिर छोड़ा. पहले दिन किसी ने चुपके से खीर नहीं खिला दी. मेरे तो तीन महीने भी पूरे नहीं हुए."

बाबारावांनी विचार केला. "हे बी बरोबर आहे," ते म्हणाले. प्लॉट पुन्हा उभा राहिला.

'चुपके से' हा शब्द ऐकून शांताबाईंना अचानक वेलदोडे शोधायचे आठवले आणि त्या आत गेल्या.

बाहेर गेटपाशी धर्मपालजी खीर वाटत होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, आणि रेल्वेत गार्ड होते तेव्हाची, गाडी सोडतानाची मुद्रा. वाटी हातात पडल्याशिवाय माणूस पुढे सरकू शकत नव्हता. रायपूर राजधानी झाल्यापासून गल्लीत गाड्या वाढल्या होत्या, काचा खाली करून लोक गाडीतूनच वाटी घेत होते. धर्मपालजींना ते पटत नव्हतं, पण वाटी देत होते. कुसुम कागदी वाट्या घेऊन आली आणि तिनं बापाच्या कानात राजीनाम्याचं सांगितलं.

"राजीनामा? अवो, कायले?"

"पथ्यासाठी. इतका फरक पडला म्हणते."

धर्मपालजींचा डावा हात आपोआप सदऱ्याच्या खिशावर गेला. खिशात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा होता. रोज संध्याकाळी जवळच्या बूढातालाबाच्या काठावर नातवाला फिरवताना त्यातली दोन बिस्किटं ते त्याला द्यायचे. आपण एकटेच या घरात गुन्हेगार आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आपल्या बायकोबद्दल तर त्यांना शंकाही नव्हती; ती नियमाची पक्की.

"फरक..." ते म्हणाले. "फरक तर पडला. पण राजीनामा जास्ती होते."

"मंग सांगा नं तुमी रीनाला."

"मी?" धर्मपालजींनी रांगेतल्या पुढच्या माणसाला दोन वाट्या दिल्या. "तू सांग. तू शिकलेली आहे."

कुसुमनंही सांगितलं नाही. तिच्या पर्समध्ये संत्रा बर्फीचा डबा होता. परवा स्टेशनवरून आल्या आल्या सुमेधनं तिच्या पर्समध्ये हात घातला होता, आणि आत्या वर्षातून एकदा येते. काल पुन्हा घातला. तेव्हा ती नव्यानं आलेली नव्हती, पण आत्या तर होतीच.

इंद्रजीतला ही बातमी सगळ्यांत शेवटी समजली. रीनाचा नवरा असल्यामुळे. तो संचालनालयात कारकून होता. राजधानी झाल्यापासून शहरात साधा कारकून उरला नव्हता, जो तो कुठल्या ना कुठल्या संचालनालयात होता. त्यानं रीनाला अंगणात गाठलं.

"नौकरी कायले सोडते? मी काय म्हणतो, पथ्य थोडंसं ढिलं केलं तर..."

"ढिलं?" रीनानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला शाळेतल्या पोरांची दया आली. "इंदर, यही तो फर्क है. ढिलं नाही केलं, म्हणून तर झालं. डॉक्टरनं सांगितलं होतं, मोडू नका. आपण मोडलं काय?"

'आपण' या शब्दावर इंद्रजीत थबकला. ऑफिस सुटलं की तो सुमेधला स्कूटरवर पुढे उभं करून तलावाच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर न्यायचा, आणि दोघं मिळून एक कुल्फी खायचे. एकच. ती अर्धी तर तोच खायचा. म्हणजे पोराला अर्ध्या कुल्फीचंच पाप लागत होतं.

"नाही," तो म्हणाला. "आपण कायले मोडू."

दुपारी जेवणं झाली. सुमेधनं नारळाची खीर खाल्ली, वाटी कूलरसमोर नेऊन जमिनीवर सरळ रेषेत ठेवली, तिच्या पुढे दुसऱ्यांच्या आठ-दहा वाट्या लावल्या, आणि वाळ्याच्या पडद्यावरून झिरपणारं पाणी बघत बसला. बाकी सगळे बैठकीत पसरले. कूलरच्या वाऱ्याची जागा बाबारावांना दिली होती, पाहुणे म्हणून.

"काय पण पोट्टा शांत झाला!" बाबाराव म्हणाले. "मागच्या साली कानावर हात ठेवून ओरडून राहिला होता. मानलं सूनबाई. मी पण सोडतो गहू. माझे गुडघे..."

"गुडघ्यांसाठी नाही ते, काकाजी."

"तरी. फायदा तर फायदा."

"खरंच, रीनाची कमाल आहे," कुसुम म्हणाली आणि पर्स पायांनी पलंगाखाली ढकलली. शांताबाईही म्हणाल्या, की हो, पोरीनं मेहनत घेतली. धर्मपालजी खाकरले. इंद्रजीतनं छताकडे पाहिलं. रीनाचे डोळे भरून आले. या घरात तिचं एवढं कौतुक लग्नातसुद्धा झालं नव्हतं. एवढं एकमत कसं काय झालं, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षिकेला पडायला हवा होता. पण कौतुकाच्या वेळी विज्ञान कुणाला आठवतं?

"म्हणून तर राजीनामा..." तिनं सुरुवात केली.

"पाणी संपून राहिलं वाटते," बाबाराव मधेच म्हणाले. कूलर कोरडा फुरफुरत होता. पाहुणे असले तरी ते प्लांटमधले होते, मशीनचा आवाज बदललेला त्यांना सहन होत नसे. कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी अंगणातला पाइप ओढून कूलरमध्ये सोडला.

धर्मपालजी अर्धे उठले. "अरे बाबा, आता नको! तो मी संध्याकाळी भरतो!"

"संध्याकाळपर्यंत भाजून निघू काय?"

टाकीत पाणी पडल्याचा आवाज झाला, आणि सुमेध उठला.

त्याला घड्याळ समजत नव्हतं. गरजही नव्हती. कूलर भरला की संध्याकाळ होते, आणि संध्याकाळ झाली की काय काय होतं, हे त्याला या घरातल्या कुणाहीपेक्षा पक्कं माहीत होतं. फक्त रोज ती माणसं वेगवेगळ्या जागी असायची. आज सगळी एकाच खोलीत होती. त्याच्या दृष्टीनं ही सोयच झाली.

तो सरळ धर्मपालजींकडे गेला, त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात हात घातला आणि पुडा बाहेर काढला. दोन बिस्किटं घेतली. पुडा परत खिशात ठेवला. "बदक," तो म्हणाला.

धर्मपालजींनी खिशावर हात दाबला, पण उशिरा.

"बाबा?" रीना म्हणाली.

"ते... दुपारी... मला साखर कमी होते कधी कधी..."

तोवर सुमेध आजीपाशी पोचला होता. त्यानं तिचं बोट धरलं आणि ओढत स्वयंपाकघरात नेलं. शांताबाई गेल्या, कारण बोट सोडवायचं म्हणजे कबुली देणं, आणि न सोडवणं म्हणजेही कबुलीच देणं, पण तेवढ्या वेळात त्यांना तिसरं सुचलं नाही. आतून डबा सरकल्याचा आवाज आला. सुमेध टोस्ट घेऊन बाहेर आला. मागून शांताबाई आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी बिस्किटं देता? लाज नाही वाटली काय पोट्ट्याचं पथ्य मोडताना?"

पलंगाखालून पर्स बाहेर आली. संत्रा बर्फीचा केशरी तुकडा कुणी लपवू शकत नाही. "मी तर परवाच आली," कुसुम कुणालाच न उद्देशून म्हणाली.

मग तो बापासमोर उभा राहिला. इंद्रजीत भिंतीवरच्या खुंटीकडे न बघण्याचा खूप प्रयत्न करत होता. सुमेधनं स्टुलावर चढून खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली, बापाच्या हातात ठेवली, आणि स्पष्ट, स्वच्छ आवाजात म्हणाला,

"पापा, कुल्फी."

दोन शब्द. सात वर्षांत पहिल्यांदा दोन शब्द एकामागून एक. रीना हाच दिवस यावा म्हणून तांदूळ दळत होती. तो आला, आणि त्यात कुल्फी होती.

"माझ्याकडं काहून नाही आला रे?" बाबारावांनी हिरमुसून विचारलं.

"रोज?" रीनानं विचारलं.

"रोज नाही," इंद्रजीत म्हणाला. "रविवारी ठेला बंद असतो."

ती उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता हिंदी सुरू होणार. तिनं फक्त एकेकाकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. "मला वाटलं होतं," ती हळू म्हणाली, "की मला सापडलं. काय केलं की काय होते, ते मला सापडलं. आणि मी नौकरी सोडून राहिली होती."

"नको सोडू वो माय," शांताबाई रडायलाच लागल्या. "आता खरंच करू. तुझी शपथ. उद्यापासून ईमानदारीनं. हे पण देणार नाहीत, मी पण देणार नाही."

"थांबा." रीनानं हात वर केला. वर्गात गलका झाला की करायची तसा. "पहिले मला सांगा. बाबा, तुमी बिस्किटं कुठं देत होता?"

"तलावावर. इथं दिलं असतं तर तुला दिसलं असतं नं."

"पहिले तर तुमी याला कधी नेत नव्हता. तुमच्या पेन्शनवाल्यांसोबत जात होता."

"त्यांच्यासमोर कसं देणार? ते सांगून देतील. म्हणून त्यांना सोडलं, आमी दोघंच जातो. मंग तिथं बसून काय करायचं? बदकं मोजतो. मी 'बदक' म्हणतो, मंग तो म्हणते."

"आई?"

"मी काय करते? वंदनेला बाजूला बसवते, म्हणजे उठून तुझ्याकडं जाऊन सांगाले नको. आता तिसरं शरण आलं की माझ्यासोबत 'गच्छामि' म्हणते. टोस्टासाठी म्हणते, पण म्हणते."

"इंदर?"

"ठेलेवाला सहाला ठेला बंद करते. म्हणून ऑफिसातून वेळेवर निघतो."

"तू. वेळेवर." पाच वर्षं तिनं यासाठी भांडण केलं होतं.

कुसुमला कुणी विचारलं नाही, तरी ती म्हणाली, "मी परवाच आली."

रीनानं पुन्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. "प्रयोगात एक चीज़ बदलायची असते," ती म्हणाली. "एक! मी समजली, मी एकच बदलून राहिली आहे. आणि तुमी लोकांनी चोरी करायची म्हणून..." पुढे तिला बोलता आलं नाही. ती हसत होती. पलंगाच्या कडेला बसून, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आधी इंद्रजीत हसला, घाबरत. मग कुसुम. शांताबाई रडता रडता हसायला लागल्या, आणि बाबाराव, ज्यांना नक्की काय झालं ते अजून समजलं नव्हतं, ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्या गलक्यात सुमेधनं कानावर हात ठेवले. तेव्हा सगळे एकदम गप्प झाले आणि गप्प राहून हसत राहिले.

"मंग, पथ्याचं काय?" धर्मपालजींनी कुजबुजत विचारलं. अजूनही त्यांना शिक्षा ऐकायची होती.

"डॉक्टरला जाऊन सगळं खरं सांगते. तुमच्या सगळ्यांच्या नावासकट. त्या म्हणतील तसं." रीनानं डोळे पुसले. "कशानं फरक पडला, मला नाही माहीत. कदाचित तो मोठा होऊन राहिला, बस. पण गहू-दूध सोडून नाही पडला, हे पक्कं. कारण ते सोडलंच नाही कुणी. शाळा मी सोडणार नाही. आणि हे तलाव, वंदना, ऑफिसातून वेळेवर येणं, यातलं एक जरी बंद झालं, तर मंग पाहा."

"बिस्किटाशिवाय?" धर्मपालजींनी विचारलं.

"ते मी पाहीन."

सुमेध अजून बापासमोर उभा होता. फेरी पूर्ण झाली नव्हती. किल्ली इंद्रजीतच्या हातात होती आणि इंद्रजीत जागचा हलत नव्हता. हे बरोबर नव्हतं. त्यानं पुन्हा म्हटलं, "पापा, कुल्फी."

इंद्रजीत उठायला लागला, तशी रीना पुढे झाली.

"बाबांकडं तलाव. आईकडं वंदना. तुझ्याकडं कुल्फी," ती म्हणाली. "दोन दिवसांसाठी आलेल्या दीदीकडं बर्फी. आणि मी? मी दिवसभर याच्यासाठी रसोईत. माझ्यासोबत तो काय करते?"

तिनं इंद्रजीतच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"अगं, माझी स्कूटर जड आहे, तुला..."

"तुला चालवायला कोणी शिकवली होती?"

सुमेधला हे मंजूर नव्हतं. तो गेटपर्यंत तीनदा मागे वळून बापाला बोलावून आला. शेवटी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो धावत जाऊन आपल्या जागी, पुढे, उभा राहिला. ऊन अजून कडक होतं. तलावाच्या कोपऱ्यावर ठेलेवाला नुकताच लावून बसला होता. "आज भैया नइ आइस?" त्यानं विचारलं आणि न सांगता एकच कुल्फी काढली.

सुमेधनं ती घेतली, पण खाल्ली नाही. ती वर, आईच्या तोंडासमोर धरली. रीनानं मान हलवली, "तू खा, बेटा." तो धरूनच राहिला. काडीवरून दूध त्याच्या मनगटावर ओघळलं. ठेलेवाला हसला. "दीदी, पहिली भैया खाथे, तभे ए हर खाथे. रोज के नियम हे."

पहिला घास बापाचा, मगच याचा. रीना वाकली आणि तिनं कुल्फीचा मोठा तुकडा तोडला. दात शिरशिरले. सुमेधनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण कुल्फी परत घेतली, समाधानानं उरलेली चाटायला लागला, आणि संपत आली तेव्हा आईचा हात धरून म्हणाला,

"मम्मी, कुल्फी."

"अऊ एक?" ठेलेवाल्यानं विचारलं.

"हव," रीना म्हणाली. "अजून एक. तो मागून राहिला नं."